अ‍ॅबिगेलच्या आईचा माग

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

एकोणिसाव्या शतकात बैलगाडीने अमेरिकेच्या पश्चिमेकडचे ऑरेगॉन गाठणाऱ्या एखाद्या बाईचे घराणे आज कसे शोधतात, असे तू विचारले होतेस. अ‍ॅबिगेल स्कॉट डनिवे हिचे उदाहरण घेतो, कारण कागद कुठे बोलतात आणि कुठे मूग गिळून बसतात, हे दोन्ही तिच्या बाबतीत दिसते.

अ‍ॅबिगेलचा जन्म १८३४ साली इलिनॉयमधल्या टेझवेल परगण्यातला. आपल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांसारखे तिकडे काही नसल्याने शोधणाऱ्यांची सारी भिस्त दर दहा वर्षांच्या जनगणनेवर असते. मात्र १८४० पर्यंतच्या तक्त्यांत नाव फक्त कुटुंबप्रमुखाचे आणि बाकीची माणसे वयोगटांच्या रकान्यांतले आकडे. त्या वर्षी ‘पाच ते दहा वर्षे’ या मुलींच्या रकान्यातल्या आकड्यात अ‍ॅबिगेल असणार आणि तिची आई अ‍ॅन पुढच्या कुठल्या तरी रकान्यात. घरातल्या प्रत्येकाचे नाव लिहिण्याची पद्धत १८५० मध्ये आली, तीही स्वतंत्र माणसांपुरती. गुलाम तेव्हाही बहुतेक ठिकाणी बिननावीच राहिले.

१८५२ च्या एप्रिलमध्ये वडील जॉन टकर स्कॉट यांनी बिऱ्हाड हलवले आणि वाटेवरची रोजनिशी लिहिण्याचे काम सतरा वर्षांच्या अ‍ॅबिगेलवर सोपवले. बारा मुलांना जन्म देऊन थकलेली अ‍ॅन २० जून रोजी फोर्ट लॅरामीच्या परिसरात पटकीने गेली. पुढे ऑगस्टमध्ये बर्न्ट नदीजवळ धाकटा विलीही दगावला. त्या माळरानावर मृत्यूची नोंद ठेवणारी कचेरी नव्हती, त्यामुळे लेकीची रोजनिशी हाच आईच्या मृत्यूचा दाखला ठरला.

अ‍ॅन ऑरेगॉनला पोहोचली असती, तर तिचे नाव आणखी एका ठिकाणी उमटले असते. १८५० च्या जमीनदान कायद्याने त्या वर्षीच्या १ डिसेंबरपूर्वी वसलेल्या जोडप्याला ६४० एकर आणि नंतर येणाऱ्यांना त्याच्या निम्मी जमीन मिळे. त्यातला अर्धा वाटा बायकोच्या स्वतःच्या नावाने असे. दाव्यात लग्नाची तारीख व ठिकाण द्यावे लागे, म्हणून वंशावळी शोधणाऱ्यांना हे कागद सोन्यासारखे. (ज्या मूळ रहिवाशांची ती जमीन होती, त्यांच्याशी करार होण्याआधीच ही खिरापत सुरू झाली, हेही विसरू नकोस.)

अ‍ॅबिगेलने १८५३ साली बेंजामिन डनिवेशी लग्न केले. तो मित्राला जामीन राहिला, मित्राने पैसे बुडवले आणि शेत गेले. सही करताना बायकोचे मत विचारात घेण्याची कायद्याला गरज नव्हती. इथून पुढे जमिनीच्या कागदांऐवजी वर्तमानपत्रे चाळावी लागतात. तिने १८७१ मध्ये पोर्टलंडमध्ये ‘द न्यू नॉर्थवेस्ट’ हे साप्ताहिक काढून मताधिकारासाठी लेखणी झिजवली आणि तिचा सख्खा भाऊ हार्वे ‘ऑरेगोनियन’च्या संपादकाच्या खुर्चीतून त्याच मागणीला विरोध करत राहिला. १९१२ मध्ये ऑरेगॉनच्या स्त्रियांना मत मिळाले, तेव्हा ते जाहीर करणाऱ्या सरकारी जाहीरनाम्यावर तिची सही झाली.

अ‍ॅनचे माहेर रुलॉफसन, मूळ केंटकीचे. तिच्या आईवडिलांच्या पिढीसाठी तिथल्या परगण्यांतले विवाहाचे जामीनपत्र, म्हणजे लग्नाआधी दिलेला हमीचा कागद, पाहावे लागते. त्यावर वधूचे नाव असते आणि जामीनदार म्हणून पुष्कळदा तिचा बाप किंवा भाऊ. माझा पुढचा शोध तिथूनच सुरू होईल.

तुझा स्नेही