किती वॅटचा, हे सगळ्यात शेवटी विचारा

संपादक साहेब, नमस्कार.

दर गणपतीत डीजेच्या दणदणाटावर तुमच्या पेपरात पत्रं येतात, मी वाचतो, पटतातही. माझं गाऱ्हाणं जरा वेगळ्या आवाजाचं आहे. आपल्या सोलापुरात प्रत्येक गल्लीत एखादा तरी कीबोर्डवाला निघतोच, कुणी भजनी मंडळात, कुणी ऑर्केस्ट्रात, कुणी बँजो पार्टीत, आणि क्लासला जाणारी पोरं वेगळीच. हे सगळे कधी ना कधी अँप, म्हणजे कीबोर्डचा आवाज मोठा करणारा स्पीकरचा बॉक्स, घ्यायला जातात आणि दुकानात पाय ठेवल्या ठेवल्या पहिला प्रश्न, किती वॅटचा आहे? डीजेच्या भिंती बघून बघून आपल्या डोक्यात हेच बसलंय की वॅट जास्त म्हणजे माल भारी.

तसं नसतं. ५० वॅटचा सोडून १०० चा घेतला तर आवाज डबल होत नाही, ३ डेसिबलच वाढतो, कानाला थोडासा फरक कळतो एवढंच, दुप्पट वाटायला वॅट साधारण दहापट लागतात. त्यापेक्षा स्पीकरला एक वॅट देऊन एक मीटरवर किती डेसिबल निघतात तो आकडा बघावा, सेन्सिटिव्हिटी म्हणतात त्याला. ९० वाल्या स्पीकरला २०० वॅट देऊन जेवढा आवाज येईल तेवढा ९६ वाला ५० वॅटमध्येच देतो. आणि खोक्यावर पीएमपीओ (क्षणभराच्या ताकदीचा फुगवलेला आकडा) लिहिलेलं दिसलं की तो आकडा सोडूनच द्या, आरएमएस (सतत देता येणारी ताकद) किती ते विचारा.

दुसरं म्हणजे काहीजण म्हणतात, मित्राचा गिटारचा अँप पडून आहे, तोच लावू. अरे पण गिटारच्या अँपला बहुतेक वेळा ट्वीटर, म्हणजे बारीक आवाजाचा छोटा स्पीकरच नसतो, साधारण ५ किलोहर्ट्झच्या वर त्याचा आवाज पडतोच, आणि गिटारला ते शोभतं, तिथे थोडा फाटलेला आवाज मुद्दाम हवा असतो. कीबोर्डचं काम पूर्ण उलटं. ८८ पट्ट्यांच्या पिआनोचा सगळ्यात खालचा सूर २७.५ हर्ट्झचा आणि वरचा ४१८६ चा, त्याच्या वरचे हार्मोनिक्स (मूळ सुरासोबत निघणारे वरचे सूर) वेगळे, शिवाय आपल्याकडे दोन-तीन जणांच्या ऑर्केस्ट्रात बेस, स्ट्रिंग्ज, बासरी, शहनाई, ढोलकीची स्टाईल सगळं एकटा कीबोर्डवालाच वाजवतो, मग त्याला वूफर (जाड आवाजाचा मोठा स्पीकर) आणि ट्वीटर दोन्ही असलेला, आपला रंग न मिसळता जे आत गेलं तेच बाहेर काढणारा बॉक्स लागतो.

घरी रियाजाला काय घ्यावं असं विचाराल तर खरं सांगतो, आधी चांगले वायरचे हेडफोन घ्या. ब्लूटूथ नको, पट्टी दाबली आणि सूर शंभर-दीडशे मिलिसेकंद उशिरा आला की लय शिकायची राहते बाजूला. पूर्व भागात यंत्रमागांच्या आवाजात तुमचा कीबोर्ड कुणाला ऐकू जाणार नाही, पण जुळे सोलापुरातल्या फ्लॅटमध्ये रात्री साडेदहाला वाजवाल तर खालचे काका वर येणारच, आणि नियमात त्यांचंच बरोबर आहे, रहिवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलची मर्यादा आहे. स्पीकरच पाहिजे तर छोटा चालतो, यामाहाच्या पीएसआर-ई ३७३ मध्ये अडीच-अडीच वॅटचेच स्पीकर आहेत आणि एका खोलीला ते पुरतात की.

सुपारी वाजवायची असेल तर मात्र हिशोब बदलतो. हॉलमध्ये लोकांना आवाज पोचवायचं काम साऊंडवाल्याचं, तुमचा बॉक्स तुम्हाला स्वतःला ऐकू यायला पाहिजे म्हणून, त्यामुळे त्याला मागे एक्सएलआर लाइन आऊट (माईकच्या वायरीसारखं तीन पिनांचं भोक) आहे का हे वॅटच्या आधी बघा, तिथूनच साऊंडवाला सिग्नल घेतो. रोलँडचे केसी सिरीजचे अँप यासाठीच बनवलेत, केसी-४०० ला १५० वॅट, १२ इंची स्पीकर आणि चार चॅनेल, म्हणजे दोन कीबोर्ड आणि एक माईक आरामात बसतो. केसी-६०० ला १५ इंची स्पीकर आहे पण वजन तीस किलोच्या आसपास, तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्याने विचार करून घ्यावा. माझं मत विचाराल तर एकच कीबोर्ड असलेल्याने १० किंवा १२ इंची पॉवर्ड स्पीकर (आतच अँप्लिफायर असलेला) घ्यावा, प्रोग्रामला स्टँडवर चढतो नाहीतर आडवा टाकला की स्वतःला ऐकायचा मॉनिटर होतो. केसीसारखा अँप जमिनीवर ठेवला तर निम्मा आवाज गुडघ्यांनाच ऐकू जातो, तेव्हा तो खुर्चीवर तरी ठेवा.

वायरीवर कुणी बोलतच नाही आणि निम्मे घोळ तिथेच होतात. कीबोर्डला एल-मोनो आणि आर अशी दोन भोकं असतील आणि वायर एकच असेल तर ती एल-मोनोलाच लावायची, तिथे कीबोर्ड दोन्ही बाजू एकत्र करून देतो, आर ला लावली तर अर्धंच बाहेर येतं. स्वस्त कीबोर्डला नुसता हेडफोनचा स्टीरिओ जॅक असतो, तो स्टीरिओ वायरनेच थेट बॅलन्स्ड इनपुटला (दोन तारांतल्या सिग्नलचा फरक घेणाऱ्या) लावला की दोन बाजू एकमेकांतून वजा होतात आणि मधला पिआनो, बेस पोकळ होतो, मग लोक अँपलाच शिव्या देतात. त्याला डीआय बॉक्स (सिग्नल जुळवून देणारी छोटी डबी) नाहीतर डावी-उजवी बाजू वेगळी करणारी वायर घ्यावी.

आणि गुणगुण यायला लागली म्हणून तीन पिनी प्लगची अर्थिंगची पिन तोडणारे महाभाग मी मंडपात बघितलेत, हात जोडून सांगतो तसं करू नका, जनरेटरची लाइन, खाली ओली जमीन, जीव जाईल. डीआय बॉक्सवर ग्राउंड लिफ्टचं (फक्त सिग्नलच्या वायरीचं ग्राउंड तोडणारं) बटण असतं, सिग्नलची गुणगुण त्याने जाते आणि अर्थिंग जागेवर राहतं.

दुकानात जाताना आपला कीबोर्ड घेऊन जा, दुकानदाराच्या डेमो गाण्यावर जाऊ नका, तो नेहमी फुल्ल आवाजात लावतो. आधी आवाज एकदम कमी ठेवून खालच्या पट्टीपासून वरपर्यंत वाजवा, सूं असा आवाज येतो का ऐका, मग ऑर्गनचा बेस दाबून धरा आणि बॉक्स खडखडतो का बघा. गणपती मंडळांना पण एक विनंती छापा साहेब, स्टेजवर कीबोर्डवाल्याजवळ अर्थिंग असलेला एक सॉकेट आणि प्रोग्रामच्या आधी साऊंड चेकला दहा मिनिटं द्या, त्याला पैसे लागत नाहीत.

आपला,
एक कीबोर्डवाला वाचक, जुळे सोलापूर