औलीचा बर्फ आणि जोशीमठच्या डोक्यावरचं पाणी

प्रति,
माननीय केंद्रीय पर्यटनमंत्री, भारत सरकार

महोदय, सप्रेम नमस्कार.

2025च्या फेब्रुवारीत पुरेसा बर्फ पडला नाही म्हणून गुलमर्गच्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा पुढे ढकलाव्या लागल्या. असे हिवाळे येत राहिले तर कृत्रिम बर्फाची मागणी वाढणारच, आणि त्यात उत्तराखंडमधल्या औली या स्कीइंगच्या ठिकाणाचं नाव आघाडीवर असेल. 2011च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी तिथे कृत्रिम बर्फ करणाऱ्या स्नो गन बसवल्या गेल्या, त्यांना पाणी देणारा तलावही आहे. या मागणीला माझा विरोध नाही. पाणी साठवण्याच्या कामांतला अभियंता म्हणून माझी विनंती आहे ती तलावाबद्दल.

स्नो गनची चर्चा खूप होते. हवेचं वेट-बल्ब तापमान, म्हणजे ओल्या कापडात गुंडाळलेल्या तापमापीवर दिसणारं तापमान, उणे 2 अंशांच्या आसपास किंवा त्याखाली गेलं की ती नीट चालते. त्यामुळे पारा शून्यावर असतानाही कोरड्या हवेत बर्फ होतो, आणि उणे 1 असूनही दमट हवेत होत नाही. चांगलं यंत्र विकत मिळतं. पाणी मात्र त्या डोंगरावरच उभं करावं लागतं. एक हेक्टर उतारावर 30 सेंटिमीटरचा थर द्यायचा तर सुमारे साडेतेरा लाख लिटर पाणी लागतं, वाऱ्याने उडून जाणारं वेगळं. दहा हेक्टरांना सव्वा कोटीच्या वर. हे सगळं पाणी आधी तलावात उभं राहणार आणि वसंतात वितळून त्याच उतारात मुरणार.

आणि त्या उताराखाली जोशीमठ आहे. हे गाव जुन्या दरडीच्या ढिगाऱ्यावर वसलंय, असं सरकारने नेमलेल्या मिश्रा समितीने 1976 सालीच सांगितलं होतं. 2023च्या जानेवारीत घरांना मोठमोठ्या भेगा पडल्या आणि कितीतरी कुटुंबांना राहती घरं सोडावी लागली. अशा जमिनीत मुरलेलं पाणी मातीच्या कणांमधल्या पाण्याचा दाब वाढवतं आणि तिची धरून राहण्याची ताकद कमी करतं. जोशीमठच्या भेगा तलावामुळे पडल्या, असं मी म्हणत नाही. पण ज्या डोंगराचं पायथ्याशी एवढं दुखणं आहे, त्याच्या माथ्यावर नवा साठा करायचा तर थेंबाथेंबाचा हिशेब हवा.

तो ठेवता येतो. भक्कम अस्तर, त्याखाली निचऱ्याचा थर, आणि निचऱ्याचं पाणी मोजणारा खाचेचा बांध एवढं असलं की गळती त्याच दिवशी कळते. सांडव्याचं पाणी उघड्या उतारावर न सोडता बंद पाइपातून पक्क्या नाल्यापर्यंत न्यावं. तलाव जानेवारीत झऱ्यांतून भरू नये, कारण तेव्हा झरे आटलेले असतात आणि गावालाच पाणी लागतं. भर पावसाळ्यातही नको, तेव्हा डोंगर आधीच भिजलेला असतो. सप्टेंबरअखेरीस, पाऊस ओसरताना भरावा. औली-जोशीमठच्या चमोली जिल्ह्याने 1999चा भूकंप पाहिलाय, म्हणून तलावाच्या बांधाची तपासणी भूकंपाचा जोर धरूनच व्हावी.

खरी अडचण कायद्याची आहे. 2021चा धरण सुरक्षा कायदा 15 मीटरपेक्षा उंच धरणांना आणि काही अटींवर 10 ते 15 मीटरच्या धरणांना लागू होतो. बर्फासाठीचे तलाव बहुधा त्याहून बुटके असतात, त्यामुळे ते त्या शिस्तीतून सुटू शकतात. उंची कमी असली तरी खाली गाव आहे, हे त्या मोजमापात येत नाही.

म्हणून मागणी एवढीच आहे. आपल्या मंत्रालयाच्या पैशातून डोंगरावर होणाऱ्या प्रत्येक साठवण तलावाला, मग त्याची उंची कितीही असो, स्वतंत्र भूगर्भीय तपासणी सक्तीची करावी. आणि औलीच्या सध्याच्या तलावाच्या गळतीची नोंद दर महिन्याला जोशीमठच्या रहिवाशांना पाहायला मिळावी, यासाठी आपण राज्य सरकारकडे आग्रह धरावा. नवा निधी मंजूर होण्याआधी निदान ती नोंद सुरू व्हावी.

आपला विश्वासू,
एक स्थापत्य अभियंता