वाळूमाशीसाठी ‘कोरडा दिवस’ पुरेसा नाही

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

पावसाळा तोंडावर आला की गावोगावी ‘कोरडा दिवस’ पाळण्याच्या सूचना निघतात, रांजण आणि टाक्या रिकाम्या केल्या जातात, धूरफवारणी होते. डेंग्यू आणि हिवतापासाठी हे आवश्यकच आहे. परंतु चांदीपुरा मेंदूज्वर पसरवणाऱ्या वाळूमाशीला त्याने फारसा अटकाव होत नाही, कारण ही माशी साचलेल्या पाण्यात अंडी घालतच नाही. मातीच्या भिंतींतील भेगा, गोठ्यातील शेणामुताने ओलावलेली जमीन आणि घरामागचा उकिरडा ही तिच्या पैदाशीची ठिकाणे. डासाहून पुष्कळ लहान, जेमतेम 2 ते 3 मिलिमीटरची ही माशी साध्या मच्छरदाणीच्या छिद्रांतूनही आत शिरते, आणि तिची मादी बहुधा रात्रीच्या वेळी रक्त शोषते.

या मेंदूज्वराचा विषाणू 1965 मध्ये नागपूर भागातील चांदीपुरा येथील तापाच्या रुग्णांच्या रक्तात पुण्याच्या शास्त्रज्ञांना सापडला, म्हणून त्याला त्या गावाचे नाव मिळाले. पुढे 2003 मध्ये आंध्र प्रदेश आणि महाराष्ट्रात, तर 2024 मध्ये गुजरातेत त्याने मुलांचे बळी घेतले. त्यावर लस नाही आणि नेमके औषधही नाही. पंधरा वर्षांखालील मुलाला एकाएकी तीव्र ताप येतो, उलट्या व झटके सुरू होतात, शुद्ध हरपते आणि कित्येकदा एक-दोन दिवसांतच सारे संपते. इतक्या वेगाने जीव घेणाऱ्या आजाराबाबत साथ आल्यावर धावपळ करण्यात अर्थ नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

बिहारमध्ये काळा आजाराविरुद्ध घरांच्या व गोठ्यांच्या भिंतींवर आतून सुमारे 6 फूट उंचीपर्यंत कीटकनाशक फवारले गेले, कारण तो आजार पसरवणारी वाळूमाशी फार उंच उडत नाही. विदर्भातील जोखमीच्या गावांत अशी फवारणी पावसाळ्यापूर्वीच व्हावी, भिंतींच्या भेगा लिंपण्यासाठी ग्रामपंचायतींनी गरीब कुटुंबांना साहाय्य द्यावे आणि उकिरडे वस्तीपासून दूर हलवावेत. ताप आणि झटके आलेल्या मुलाला गावातच थोपवून न धरता 108 क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावून अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयात त्वरित हलवावे, ही सूचना आशाताईंमार्फत प्रत्येक घरी पोहोचवण्याची व्यवस्था आरोग्य विभागाने जून उजाडण्यापूर्वी करावी.

आपला,
एक वाचक, नागपूर जिल्हा