दोन पावसाळे बंद राहिलेला गाळा

मुंबई
दि. १४ ऑक्टोबर २०२१, खंडेनवमी

प्रिय विनू,

सप्रेम नमस्कार.

तुझा मेसेज वाचला आणि मनापासून आनंद झाला. करोनामुळे बंद असलेली नाट्यगृहं २२ तारखेपासून उघडतायत आणि तू प्रयोगासाठी थेट ५ नोव्हेंबरची दुपार धरलीस. यंदा पाडवा आणि रंगभूमी दिन एकाच दिवशी आलेत, त्याहून चांगला मुहूर्त नाही. गेल्या वर्षी परवानगी मिळाली तीही ५ नोव्हेंबरलाच, आणि एप्रिलमध्ये पडदा पुन्हा पडला. तेव्हा या वेळी प्रयोग व्हायलाच हवा, आणि नीट व्हायला हवा.

पण तुझं एक वाक्य मला खटकलं. ‘सामान गाळ्यात जसंच्या तसं आहे, आदल्या दिवशी टेम्पोत टाकू.’ ते जसंच्या तसं नाहीये, विनू. मार्च २०२० पासून लालबागच्या त्या गाळ्यावरून मुंबईचे दोन पूर्ण पावसाळे गेलेत, आणि आत ना पंखा, ना उजेड. आज अवजारांना झेंडू वाहायला तू जाशीलच. फूल वाहा, हळदकुंकू लाव, पण एकही बटण दाबू नकोस.

रोज वापरातलं सामान बिघडतं तेव्हा आधी कुरकुरतं. बंद राहिलेलं सामान तशी सूचना देत नाही. दमट हवेने पिनांवर गंज चढतो, लेन्सवर बुरशी येते, लाकूड फुगतं, उंदीर वायर कुरतडतात, आणि हे सगळं पहिल्यांदा करंट दिला की एकदम बाहेर येतं. म्हणून आधी फक्त उघडायचं आणि वाळवायचं. ऑक्टोबरच्या उन्हाला आपण शिव्या घालतो, पण या कामासाठी त्याच्यासारखं काही नाही. स्पीकर, दिव्यांचे डबे, केबलचे वेटोळे सगळं बाहेर काढून दोन दिवस वारं लागू दे. स्पीकरचा कोन आणि दिव्यांपुढे लावायचे जिलेटिनचे रंगीत कागद मात्र थेट उन्हात ठेवू नकोस, सावलीत ठेव. धूळ ओल्या फडक्याने पुसू नकोस, ब्रशने झाड. आणि कुणालाही सामानावर सॅनिटायझर किंवा हायपोक्लोराइट फवारू देऊ नकोस. हायपोक्लोराइट धातू खातं. सॅनिटायझर माइकच्या जाळीत गेला तर आतला पडदा खराब होतो आणि गरम हॅलोजनजवळ तो पेट घेऊ शकतो. ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल फडक्यावर घ्यायचं आणि फडक्याने पुसायचं, एवढंच.

आता अॅम्प्लिफायर. तुझे दोन्ही अॅम्प जुन्या ट्रान्सफॉर्मरचे आहेत. त्यांच्या आतले मोठे कपॅसिटर दीड वर्ष रिकामे बसलेत. एकदम २३० व्होल्ट दिले तर एखादा फुटू शकतो. यावर उपाय म्हणजे सिरीज बोर्ड. लाकडी पाटीवर एक होल्डर, एक सॉकेट, आणि बल्ब फेजच्या वायरमध्ये सिरीजमध्ये. बल्ब साधा पिवळा, १०० वॅटचा, फिलामेंटचा. एलईडी चालत नाही, कारण इथे बल्बची फिलामेंटच करंट अडवते. लोहार चाळीत अजून मिळतो, चार आण. अॅम्प बोर्डावर लाव, स्पीकरच्या वायरी काढून, व्हॉल्यूम शून्यावर ठेवून. बटण दाबलं की बल्ब झपकन पेटेल आणि दोन-तीन सेकंदांत मंद होईल. तसा मंद झाला तर अर्धा तास तिथेच राहू दे, मग थेट लायनीवर घे. बल्ब ठणठणीत पेटलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे. लगेच बंद कर आणि मेकॅनिककडे दे. नवीन पॉवर्ड स्पीकर (अॅम्प आतच असलेले) आणि साउंडचा डिजिटल मिक्सर या बोर्डावर लावू नकोस. त्यांच्यात ट्रान्सफॉर्मरऐवजी एसएमपीएस, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पॉवर सप्लाय असतो, तो कमी व्होल्टेजला चालू-बंद होत राहतो, बल्ब लुकलुकतो आणि काही कळत नाही. त्यांना झाडून-पुसून सरळ लायनीवर घ्यायचं.

मिक्सरचे फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या दांड्या, बंद अवस्थेत वीस-पंचवीस वेळा खाली-वर कर. तरी करकर आली तर लॅमिंग्टन रोडवरून कॉन्टॅक्ट क्लीनरचा डबा आण, फेडरसाठी चालतो असं लिहिलेला. गंज काढायचा तेलकट स्प्रे अजिबात नको. तो दोन दिवस गुळगुळीत चालतो आणि मग त्यावर धूळ बसून फेडर चिकटतो. मिक्सरमध्ये नाटकाची जी सेटिंग साठवली आहेत ती आधी पेन ड्राइव्हवर उतरव, मग बाकीचं.

कॉर्डलेस माइकचे बॉडीपॅक, म्हणजे नटाच्या कमरेला लावायच्या डब्या, उघडताना जरा बेताने. आत सेल राहिले असतील तर ते फुटलेले असणार. स्प्रिंगवर पांढरी-हिरवी पूड दिसेल, तिला हाताने खरवडू नकोस, क्षार असतो तो. कापसाची काडी लिंबाच्या रसात किंचित बुडवून पूड विरघळव, मग स्पिरिटने पूस, दिवसभर वाळू दे. स्प्रिंग काळी पडून ठिसूळ झाली असेल तर बदल. पोरं ती वाकवून बसवतात आणि दुसऱ्या अंकात आवाज तुटतो. रिचार्जेबल सेल दोन-तीन वेळा पूर्ण चार्ज करून पूर्ण वापर, तरच कळेल किती वेळ टिकतात. तुझं नाटक अडीच तासांचं, सेल चार तास टिकलाच पाहिजे. या वेळी एक माइक एकाच नटाला, त्याच्या नावाची पट्टी लावून. फोमच्या टोप्या साबणाच्या पाण्यात धुऊन रात्रभर वाळव. बोटाने दाबल्यावर भुगा झाला तर नव्या घे.

केबलला सगळ्यात जास्त वेळ दे. माइकच्या केबलच्या तीन पिनांच्या जोडाच्या, म्हणजे एक्सएलआरच्या, पिना काळ्या पडल्या असतील. प्रत्येक जोड दहा वेळा घाल-काढ केली की बराच थर निघतो, उरलेला स्पिरिटने. मग मल्टिमीटर घेऊन तिन्ही पिना एकेक तपास: एक शील्ड (बाहेरची संरक्षक जाळी), दोन आणि तीन सिग्नल. तपासताना केबल टोकाजवळ हलवत राहा, कारण तुटलेली तार सरळ ठेवल्यावर जुळलेली दाखवते. शील्ड तुटली की घूं असा आवाज येतो, आणि मग सगळे उगाच अर्थिंगला दोष देतात. खराब केबलला लाल टेप लावून तिथल्या तिथे बाजूला टाक. गाळ्यात परत ठेवलीस तर ती प्रयोगाला येणारच.

दिव्यांचं दुखणं वेगळं. पारकॅन आणि फ्रेनेल या रंगमंचाच्या दिव्यांच्या चिनी मातीच्या होल्डरमध्ये ओल मुरते, आणि त्या ओलीतून करंट बॉडीत उतरतो. म्हणून पहिल्या दिवशी ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच, पुन्हा पुन्हा पडतो. तो पडला म्हणून कुणी बायपास केला तर त्याला तिथेच थांबव, तो पडतो तो माणूस वाचवण्यासाठीच. इलेक्ट्रिशियनकडून प्रत्येक दिवा ५०० व्होल्टच्या मेगरवर, म्हणजे इन्सुलेशन मोजायच्या मीटरवर, बघून घे. एक मेगओहमच्या खाली आला तर बाजूला. मग डिमरवर (दिव्यांचा उजेड कमी-जास्त करायच्या यंत्रावर) एका वेळी एकच चॅनल, २५ टक्क्यांवर वीस मिनिटं. ओल वाफ होऊन जाते, मग सावकाश पूर्ण कर. सरळ शंभर टक्क्यांवर नेलास तर ओली लेन्स तडकते. एक किलोवॅटचा दिवा साधारण साडेचार अँपियर ओढतो, हे लक्षात ठेवून एका फेजवर किती लावायचे ते ठरव, आणि साउंडची लाइन दिव्यांच्या फेजवर मुळीच नको. हॅलोजनला बोट लागलं तर स्पिरिटने पूस, बोटाच्या तेलाने काच तिथे जास्त तापते आणि फुगते. जिलेटिन सगळे नवे कापून घे. जुने फिके आणि कडक झाले असतील.

दिवे टांगताना एक गोष्ट माझ्यासाठी कर. हूक आणि सेफ्टी चेन प्रत्येक दिव्याची तू स्वतः बघ, दुसऱ्यावर सोडू नकोस. दिवे टांगायच्या बारच्या आणि पडद्याच्या सुती दोऱ्यांचा पीळ थोडा उलगडून आतला धागा बघ. बाहेरून दोरी पांढरी दिसते, आत काळपट आणि कुजट वास असेल तर ती गेली. खाली माणसं उभी असतात, विनू.

सेटचं थोडक्यात. लेव्हलच्या, म्हणजे नट उभे राहतात त्या चौथऱ्यांच्या, प्लायचे थर सुटले असतील. त्यावर दोघांनी उभं राहून टाचा आपटून बघा, पोकळ वाजलं तर वरचा प्लाय बदला. फ्लॅटचे, म्हणजे सेटच्या उभ्या भिंतींचे, खिळे गंजले असतील तर त्याच भोकात नवा खिळा ठोकू नका, बाजूला स्क्रू मारा. मखमलीचा पडदा झटकून घ्या, दिव्याजवळ धूळ जळते आणि पहिल्या रांगेपर्यंत वास जातो. कपडे धुऊन उन्हात. मेकअपचं जुनं सामान सगळं फेकून दे, जीव अडकवू नकोस. प्रत्येकाचा स्पंज आणि पफ वेगळा.

हॉलवर दोन गोष्टी आधी मॅनेजरशी बोलून घे. एसी प्रयोगाआधी किमान दोन तास चालू हवा आणि ताजी हवा आत घेणारा डँपर उघडा हवा, नाहीतर एसी आतलीच हवा फिरवत राहतो. कार्बन डायऑक्साइडचा छोटा मीटर मिळाला तर मधल्या रांगेत ठेव. बाहेर तो चारशेच्या वर थोडा असतो. आत हजारच्या पुढे जायला लागला की मध्यंतर लांबव आणि दारं उघड. बटाटेवड्याची रांग तेवढ्यात होते.

दुसरी गोष्ट आवाजाची. सध्या पन्नास टक्केच प्रेक्षकांना परवानगी आहे, म्हणजे निम्मा हॉल रिकामा. माणूस आवाज शोषून घेतो. ती माणसं नसली की भिंतींवरून आवाज जास्त फिरतो आणि शब्दांची टोकं पुसली जातात. साउंडवाला अशा वेळी आवाज वाढवतो, आणि तेच चुकतं. वाढवलं की घुमणंही वाढतं. त्याने खालचे सूर, १५० ते ३०० हर्ट्झच्या मधले, थोडे कापावेत, आणि नटांनी व्यंजनं स्पष्ट म्हणावीत. हे रिकाम्या हॉलमध्ये वाक्यं म्हणत, एकाने शेवटच्या रांगेत बसून ठरवायचं.

आणि नटांना आधीच सांगून ठेव: हशा कमी येईल आणि उशिरा येईल. लोक मास्क लावून, मधली खुर्ची सोडून बसणार. हशा शेजारच्याकडून शेजारच्याकडे जातो, आणि शेजार तर तुटलाय. मास्कमधून आवाजाची वरची धार निघत नाही, त्यामुळे हॉल हसत असला तरी रंगमंचावर तो पुसट पोचतो. विनोद पडला असं समजून नट पुढचं वाक्य घाईने घेतो किंवा जोर लावतो. दोन्ही नको. थांबण्याची जागा पूर्वीएवढीच ठेवायची. तालमीतही दमाचं बघ. ज्यांना करोना होऊन गेला त्यांचा श्वास लांब वाक्यात पुरेल असं धरून चालू नकोस. आधी तीन दिवस बसून वाचन, मग उभ्याने एकेक अंक, शेवटच्या चार दिवसांतच सलग. लांब वाक्यात श्वासाची जागा बदलावी लागली तर बदला, संहिता काही रागावणार नाही.

बॅकस्टेजची माणसं आजच मोज. लोकलचा पास दोन डोस आणि वर १४ दिवस झाल्याशिवाय मिळत नाही, आणि तुझी निम्मी मंडळी बदलापूर-विरारकडची. कोव्हिशील्डच्या दोन डोसांत ८४ दिवस जातात, तेव्हा ज्याचा दुसरा डोस २२ ऑक्टोबरच्या आत होत नाही तो ५ तारखेला येऊ शकत नाही. त्याच्या जागी कोण, हे या आठवड्यात ठरव. पैशाचंही. समज ८०० खुर्च्यांचा हॉल, त्यातल्या ४०० विकायच्या, सरासरी २५० रुपयांनी लाखभर गल्ला, तोही सगळ्या गेल्या तर. हॉलभाडं, जाहिरात, टेम्पो, नाईट्स (दर प्रयोगाचं मानधन) यातून फार उरणार नाही, मला कळतं. तरी सामान तपासायच्या दिवसांचे बॅकस्टेजला पैसे दे. नाईटवर जगणाऱ्या माणसांची एवढे महिने एक नाईट झालेली नाही. या तयारीचं काम फुकट करून घेतलं तर ते मन लावून होणार नाही, आणि व्हावं अशी अपेक्षाही ठेवू नये.

रविवारी, १७ तारखेला, सकाळी नऊला गाळ्यावर ये. मल्टिमीटर आणि सिरीज बोर्ड मी आणतो. तू बल्ब, स्पिरिट, कापसाच्या काड्या, लाल टेप आणि दोन ब्रश आण. शटर वर केलंस की लगेच आत शिरू नकोस, अर्धा तास हवा जाऊ दे. आणि वहिनींना सांग, दुपारचं जेवण तिथेच लागेल.

तुझा,
शरद