दिवाळीनंतरचं जे ठरलं होतं त्याबद्दल

आई, बाबा,

फोनवर सांगितलं असतं तर आई तू नुसतं "बरं" म्हणून गप्प झाली असतीस आणि मी तिथंच पाघळले असते, म्हणून लिहितीये. पुण्याच्या ऑफिसात टीम लीड व्हायला मी हो म्हणून टाकलंय. म्हणजे दिवाळीनंतर कोल्हापुरात येऊन घरून काम करायचं सध्या तरी होत नाही. पगारासाठी नाही हो बाबा.

तुम्ही विचारता ना, वेबसाईटच्या पानांवरचे तुमचे एवढे प्रयोग फेल जातात तर कंपनी ठेवते कशाला. अहो गूगल, बिंग (मायक्रोसॉफ्टचं गूगलसारखं सर्च) यांच्यातसुद्धा शंभरातले 10 ते 20 प्रयोगच फायद्याचे निघतात. बिंगमध्ये जाहिरातीची हेडलाईन बदलायची एक साधी आयडिया सहा महिन्यांच्या वर पडून होती, 2012 मध्ये एका इंजिनिअरनं टेस्ट लावली तर कमाई 12 टक्क्यांनी वाढली. आधी कुणालाच कळत नाही, साहेबालाही नाही. म्हणून निम्म्या लोकांना जुनं पान दाखवायचं, निम्म्यांना नवं, बदल एकच, आणि किती लोक, किती दिवस, काय होईल असं वाटतंय हे आधीच लिहून ठेवायचं. माझ्या टीममधली पोरं हुशार आहेत पण नवी आहेत, दुसऱ्या दिवशी नवं पान जरा पुढं दिसलं की "मॅडम जिंकलो, बंद करूया" म्हणत येतात. परवा मी बंद करू दिलं नाही, ठरलेले दोन आठवडे शनिवार-रविवार धरून पूर्ण झाले तेव्हा दोन्ही पानं सारखीच निघाली. थांबा म्हणणारं कुणीतरी लागतं, वरच्यांनासुद्धा, आणि आत्ता तिथं ते माझंच ऐकतात.

आणि बाबा, दोन दिवस बीपी नॉर्मल आलं म्हणून गोळी बंद केलीत, आईनं सांगितलंय मला! अहो गोळीमुळंच नॉर्मल आलंय ते. उद्यापासून परत सुरू, आणि आजच डॉक्टरांना फोन करून सांगा. रोज सकाळी चहाच्या आधी पाच मिनिटं शांत बसून मोजायचं, वहीत लिहायचं, कमी करायची का ते डॉक्टर ठरवतील.

बाथरूममध्ये धरायची दांडी बसवायला शनिवारी माणूस येतोय, परत पाठवू नका. मावशींना स्वयंपाकाचंही विचारलंय, हो म्हणाल्यात. आई, तुझ्यासारखा पांढरा रस्सा त्यांना जमायचा नाही, माहितीये, पण तुझ्या गुडघ्यांना आराम पडू दे जरा. रंकाळ्यावर उजाडल्यावरच जायचं, पायात बूट, पायताण लग्नाकार्याला.

जोतिबाच्या पायऱ्यांवर मी दमले की बाबा तुम्ही उचलून घ्यायचात, गुलालानं लाल झालेली तुमची मान धरून मी झोपून जायचे. ते सगळं आहे हो माझ्याजवळ. लांब गेले असं मनात आणू नका, पहाटे पुण्यातनं निघाले की जेवायला घरात.

चटणीला डंकावर एकटी जाऊ नकोस आई, मी आले की जाऊ. आणि वहीचा फोटो रोज व्हॉट्सअपवर पाठवा, नाही आला तर मी शेजारच्या काकूंना फोन लावणार.

तुमची,
मनी