फेकून द्या म्हणायला काय जाते!

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या पुरवणीतला विंडोजवरचा, म्हणजे आपले कॉम्प्युटर चालवणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या प्रणालीवरचा, लेख वाचला. रात्री वाचला, म्हणून लगेच लिहायला बसले नाही. म्हटले, सकाळपर्यंत डोके शांत होईल. झाले नाही. ज्याच्याकडे अजून विंडोज टेन आहे तो जणू दार सताड उघडे टाकून झोपला आहे, आणि ज्याच्या मशीनवर त्यानंतरची आवृत्ती, विंडोज इलेव्हन, बसत नाही त्याने ते मशीन मोडीत काढून नवे घ्यावे, असा लेखक महाशयांचा एकूण सूर. लेखाला लागूनच लॅपटॉपच्या सेलची अर्धे पान जाहिरात होती. योगायोगच असणार.

१४ ऑक्टोबर २०२५ ला टेनचा सपोर्ट संपला, ते खरे आहे. पण संपला म्हणजे काय, ते सांगायला नको का? आमच्या मजल्यावरच्या आजींनी तुमचा लेख वाचून मला विचारले, ‘आता आमचा कॉम्प्युटर सुरूच व्हायचा नाही का गं?’ त्यांच्या त्या मशीनवर नातवंडांचे फोटो आणि पेन्शनची कागदपत्रे आहेत. मशीन सुरू होते, चालतेही. थांबतात ती दर महिन्याला येणारी सुरक्षेची ठिगळे. आणि तीही घरगुती वापरणाऱ्याला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. मायक्रोसॉफ्टचे खाते दोन्हीकडे लागते; सेटिंग्जचा बॅकअप त्यांच्याकडे ठेवायला तयार असाल तर फुकट, नाहीतर तीस डॉलर भरून. विंडोज अपडेटच्या पानावरच नाव नोंदवायची सोय दिलेली आहे. एवढ्या मोठ्या लेखात या सोयीबद्दल एक ओळ नाही. ‘आपला डेटा धोक्यात’ हे मात्र लाल अक्षरात, चौकटीत, दोनदा.

आता माझे सांगते. मी कोपरीत घराच्या पुढच्या खोलीत डीटीपीचे, म्हणजे छपाईसाठी कॉम्प्युटरवर पाने जुळवायचे, काम करते. लग्नपत्रिका, मुंजीच्या पत्रिका, सोसायट्यांचे वार्षिक अहवाल, उत्सव मंडळांच्या पुस्तिका. जमाना मोबाइलवरच्या पत्रिकेचा आला तरी देवापुढे ठेवायला छापील पत्रिका लागतेच, त्यामुळे माझे बरे चालले आहे. माझे कंपोजिंगचे मशीन जुने आहे. त्यात पाने जुळवायचा पेजमेकर आहे आणि मराठी अक्षरांचे जुने सॉफ्टवेअर आहे, जे मागे डाँगल, म्हणजे पेन ड्राइव्हसारखी परवान्याची किल्ली, लावल्याशिवाय उघडत नाही. त्या डाँगलची विंडोजशी ओळख करून देणारा ड्रायव्हर बत्तीस बिटचा, तो चौसष्ट बिटच्या विंडोजवर चालत नाही. विंडोज इलेव्हन बत्तीस बिटमध्ये निघतच नाही, फक्त चौसष्ट. तेव्हा ‘अपग्रेड करा, दोन तासांचे काम’ हे वाक्य लेखकाने निदान माझ्या खोलीत येऊन म्हणू नये.

हे मला कोणी शिकवलेले नाही, भोगून कळले आहे. १४ जानेवारी २०२० ला विंडोज सेव्हनचा सपोर्ट संपला, तेव्हाही अशीच हाकाटी झाली होती. त्याच सुमाराला माझ्या मशीनचा पंखा घरघर करायला लागला, म्हणून स्टेशनजवळच्या एका दुकानात ते नेऊन दिले. फक्त पंख्यासाठी. संध्याकाळी आणायला गेले तर तो मुलगा एकदम खुशीत. ‘ताई, सेव्हन बंद झालं ना, मी टेन टाकून दिलंय. एकदम लेटेस्ट.’ विचारायची पद्धत नाही! सी ड्राइव्ह फॉरमॅट मारून, म्हणजे साफ पुसून, चौसष्ट बिटचे टेन बसवले होते. डी ड्राइव्हला हात लावला नव्हता, तेवढे त्याचे उपकार.

घरी आणून डाँगल लावला. एरवी त्याच्यावर बारीक हिरवा दिवा लागतो, तो लागेना. दुसऱ्या पोर्टला लावून पाहिला, तिथेही तेच. फेब्रुवारीच्या मुहूर्ताची एक पत्रिका अर्धवट होती आणि नवऱ्या मुलाचे मामा कळव्याहून प्रूफ बघायला येऊन बसले होते. फाइल उघडली तर गणपतीच्या चित्राखाली ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’च्या जागी इंग्रजी अक्षरे, कंस, टक्क्यांची चिन्हे, मधेच एखादा डॉलर. मुलीच्या नावाआधीचे ‘चि. सौ. कां.’ गेले, मुहूर्ताची घटिका गेली, तळाला पोरांची ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं’ ही ओळ असते ना, तिचीही रांगोळी झालेली. मामांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिले आणि म्हणाले, ‘बाई, हे आमच्या मुलीकडच्यांना वाचता येईल का?’ मला हसावे की रडावे कळेना. शेवटी तो डाँगल आणि पेन ड्राइव्ह पर्समध्ये टाकून रात्रीच्या लोकलने डोंबिवलीला एका मैत्रिणीच्या मशीनवर जाऊन ती पत्रिका पुरी केली. दुकानदाराने ‘लेटेस्ट’चे पैसे घेतले ते घेतलेच, बत्तीस बिटचे परत बसवायचे आणखी वेगळे मागितले.

यावर कोणी म्हणेल, बाई, आता जग युनिकोडवर, म्हणजे कुठल्याही मशीनवर मराठी वाचता येणाऱ्या पद्धतीवर, गेले, तुम्हीही जा. अहो, नवे काम मी युनिकोडमध्येच करते. हे पत्रही त्यातच टाइप केले आहे. पण जुन्या फाइलींचे काय? जुन्या फॉन्टमध्ये मराठी अक्षर असे नसतेच, इंग्रजी अक्षरांच्या जागांवर आपली चित्रे बसवलेली असतात. फॉन्ट गेला की खालचे इंग्रजी वर येते. जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलणारे कन्व्हर्टर मिळतात, मी वापरतेही. पण जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप केलेली असते आणि रफार अक्षराच्या नंतर; युनिकोडमध्ये नेमके उलटे. जोडाक्षर आले की कन्व्हर्टरचा तोल जातो आणि रफार शेजारच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसतो. एखाद्या सोसायटीचा अहवाल असेल तर चालून जाते, कोण वाचतो! पण एका कुटुंबाची वंशावळ माझ्याकडे आहे, आजोबांनी स्वतः बसून लिहून घेतलेली, दर पाच-सात वर्षांनी नवी नावे घालायला येतात. तिथे एक रफार इकडचा तिकडे झाला तर माणसाचे आडनाव बदलते. ती सगळी पाने पुन्हा डोळ्यांखालून घालायची तर त्याचे पैसे ते देणार नाहीत आणि मागायला मला तोंड नाही.

आणि हे मी कोणाला सांगते आहे? आपल्याच वेबसाइटवर जुने अंक उघडून बघा. ‘दुस-या’, ‘सा-या’, ‘व-हाडी’. शब्दाच्या पोटात आडवी रेघ. जुन्या फॉन्टमधून मजकूर नव्यात ओतताना तो अर्धा ‘र’ सांडला आणि आपण तो उचललाही नाही. एवढ्या मोठ्या कचेरीला, पगारी माणसे असताना, जे निस्तरता आले नाही ते मी एकटीने दोन तासांत करायचे. गेल्या वर्षी माझे पत्र छापलेत, त्यातही ‘पाय-या’ होत्या. कळवले होते. उत्तर नाही.

इलेव्हनच्या अटींबद्दलही लेखात अर्धेच आले. टीपीएम नावाची सुरक्षेची चिप हवी, एवढे सांगून लेखक पुढे गेले. आमच्याच इमारतीतल्या एका काकांना दुकानदाराने ‘तुमच्यात ही चिप नाही, मदरबोर्डच बदला’ असे सांगितले होते. त्यांचा प्रोसेसर इंटेलचा आठव्या पिढीचा, म्हणजे अटीत बसणारा. त्यांच्या भाच्याने बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंग्जमध्ये, जाऊन पाहिले तर सोय होती, फक्त बंद ठेवलेली होती. चालू केली, काम झाले. आणि ज्यांचे खरेच बसत नाही त्यांची गंमत बघा. इंटेलचा सातव्या पिढीचा आय-सेव्हन, जो आजही भरभर चालतो, तो एखाद-दुसरा अपवाद सोडला तर नापास. आणि स्वस्तातल्या लॅपटॉपमधला सेलेरॉन, ज्याच्यावर दोन खिडक्या उघडल्या की चहा करून यावा, तो पास. मायक्रोसॉफ्टच्याच यादीत तसे लिहिले आहे. सुरक्षेची कारणे असतील, मी नाही म्हणत नाही, पण मग ती तरी वाचकाला नीट सांगा. ‘जुने झाले’ हे कारण नव्हे.

धोका खोटा आहे असे मला मुळीच म्हणायचे नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय, तो फाइली अडवून खंडणी मागणारा व्हायरस, जगभर पसरला तेव्हा ज्या भगदाडातून तो शिरला त्याचे ठिगळ मार्चमध्येच आले होते; ज्यांनी लावले नाही ते सापडले. म्हणून माझ्या कंपोजिंगच्या मशीनला इंटरनेटची वायरच नाही. बँक, ईमेल, गिऱ्हाइकांचे व्हॉट्सअॅप हे सगळे लॅपटॉपवर, आणि त्याच्यावर इलेव्हन आहे. मी स्वतःच चढवले, कोणी सांगायची वाट पाहिली नाही. बरे चालते. स्टार्टचे बटण मधोमध नेऊन ठेवले होते ते सेटिंगमधून डावीकडे आणले. उजवी क्लिक केल्यावर निम्म्या गोष्टी ‘आणखी पर्याय’मध्ये दडवल्या आहेत, त्याला मात्र अजून शिव्या घालते. दोन्ही मशीनच्या मध्ये पेन ड्राइव्ह फिरतो, आणि तो आधी लॅपटॉपवर स्कॅन झाल्याशिवाय जुन्याला लागत नाही. पोरेसुद्धा विचारतात, ‘आई, लावू का?’

म्हणजे ज्या मशीनवर पैशांचे व्यवहार होतात आणि ज्याच्यात अडून राहिलेले काही नाही, ते खुशाल नवे करा. ज्याच्यावर पोट आहे ते अडते कुठे, त्याचा ड्रायव्हर आहे का, डाँगल चालतो का, फॉन्ट उमटतो का, हे आधी विचारा, मग हात लावा. एवढे लिहायला किती जागा लागली असती? जाहिरातीतली दोन बोटे पुरली असती.

दुसरे असे की या कंपनीच्या तारखांवर विसंबून कोणाला घाई करायला सांगू नये. २०१५ मध्ये टेन आले तेव्हा त्यांच्याच एका माणसाने ही विंडोजची शेवटची आवृत्ती असे जाहीर परिषदेत सांगितले होते. सहा वर्षांत इलेव्हन हजर. आणि २०१६ मध्ये तर टेन घ्या म्हणून येणारी ती खिडकी फुलीवर क्लिक करून बंद केली, तरी तो होकार धरून अपग्रेडची वेळ ठरलेली असायची. त्या अनुभवानंतर लेखकाने ‘कंपनी सांगते आहे म्हणजे आपल्या भल्याचेच’ असा सूर लावावा, याला भाबडेपणा म्हणावे की आणखी काही, ते मी आपल्यावर सोडते.

मशीन ‘योग्य ठिकाणी ई-कचऱ्यात द्या’ असेही शेवटी एका ओळीत आहे. ठाण्यात ते ठिकाण कुठे, हे दिले असते तर मी लेख कापून ठेवला असता. १ एप्रिल २०२३ पासून नवे ई-कचरा नियम लागू आहेत, उत्पादकांवर जबाबदारी टाकली आहे, सगळे कागदावर ठीक. आमच्या गल्लीत येतो तो भंगारवाला. तो वजनावर घेतो आणि हार्ड डिस्कमध्ये काय आहे ते विचारत नाही. ज्या डेटासाठी एवढा आरडाओरडा, तो असा टेम्पोतून जातो. निदान डिस्क काढून घ्या, एवढे तरी सांगायचे!

माझी विनंती एवढीच की पुढच्या रविवारी त्याच जागी, तेवढ्याच ठळक अक्षरात, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच्या सोयीची माहिती द्यावी. मजल्यावरच्या आजींचे मी पाहीन, पण बाकीच्यांच्या शेजारी डीटीपीवाली राहत नाही.

आपली वाचक,
कोपरी, ठाणे (पूर्व)

ता. क. : त्या जाहिरातीपायी शब्दकोडे पानाच्या घडीत गेले आहे. आडव्या ओळींतली शेवटची घरे दिसत नाहीत आणि उभ्या शब्दांच्या सूचना मुंगीएवढ्या झाल्या आहेत. आमच्याकडे ते रविवारच्या चहाबरोबर सोडवतात. काल सुटले नाही आणि त्याचा ठपकाही माझ्यावरच आला.