एस-४०० ची उरलेली दोन स्क्वॉड्रन

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मे २०२५ मधील संघर्षानंतर एस-४०० या हवाई संरक्षण यंत्रणेविषयी आपल्या दैनिकात पुष्कळ छापून आले. चारशे किलोमीटरचा पल्ला, ‘सुदर्शन’ हे नाव आणि तीनशे किलोमीटरवरचे एक मोठे पाकिस्तानी विमान तिने पाडल्याचे हवाई दलप्रमुख ए. पी. सिंग यांचे ९ ऑगस्टचे विधान, हे सगळे आता आमच्याकडे चहाच्या गाड्यावरही पाठ झाले आहे. ती यंत्रणा बनवणाऱ्या कारखान्याबद्दल मात्र क्वचितच चार ओळी वाचायला मिळतात.

हा उद्योगसमूह म्हणजे रशियन सरकारच्या मालकीचा अल्माझ-अंतेय. अल्माझ आणि अंतेय ही दोन घराणी २००२ मध्ये एकत्र करून तो उभारला गेला. एस-३००, एस-४००, बूक आणि तोर या यंत्रणा त्याच्याच. त्यातला सेंट पीटर्सबर्गचा ओबुखोव्ह कारखाना १८६३ मध्ये सुरू झाला, तो पोलादी तोफा ओतण्यासाठी. म्हणजे मुळात आमच्याच पठडीतला. मी गेली तीस वर्षे शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत फाउंड्री चालवतो, त्यामुळे ही गोष्ट वाचून बरे वाटले, हे कबूल करतो.

भारताने ऑक्टोबर २०१८ मध्ये सुमारे ५४३ कोटी डॉलरना पाच स्क्वॉड्रनचा, म्हणजे एस-४०० च्या पाच तुकड्यांचा, करार केला. पहिले डिसेंबर २०२१ मध्ये यायला लागले, २०२३ पर्यंत तीन आली आणि गाडी तिथेच अडली. उरलेली दोन २०२६ वर गेली. यावर कोणी रशियाला बोल लावतो, कोणी अमेरिकी दबावाकडे बोट दाखवतो. अमेरिकेने २०१४ मध्येच या समूहावर निर्बंध घातले असल्याने डॉलरमध्ये पैसे पोहोचवणे अवघड झाले, हे खरेच आहे. तरीही माझ्या मते मुख्य कारण कारखान्याच्या आतच आहे. युक्रेन युद्धामुळे या समूहाचा सर्वांत मोठा गिऱ्हाईक, जो त्याचा मालकही आहे, दारात उभा राहून माल मागू लागला. जानेवारी २०२३ मध्ये पुतिन स्वतः ओबुखोव्ह कारखान्यात जाऊन कामगारांशी बोलले. मालक शॉप फ्लोअरवर उतरला, की बाहेरगावच्या ऑर्डरचे काय होते, हे कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या कोणत्याही फोरमनला विचारावे.

मी स्वतः तसे वागलो आहे. काही वर्षांपूर्वी एका मोठ्या स्थानिक गिऱ्हाइकाची निकड आली, तेव्हा पुण्याच्या एका पंपवाल्याचा पॅटर्न, म्हणजे साचा पाडायचा नमुना, चार महिने गोणपाटात गुंडाळून रॅकवर पडला होता. त्याचा फोन आला, की मी सांगायचो, ‘माल फेटलिंगला आहे, दोन दिवसांत निघतो.’ फेटलिंग म्हणजे ओतून झालेल्या मालाची शेवटची साफसफाई. प्रत्यक्षात साचाही भरलेला नसायचा.

शिवाय कारखानदार सरकारीच असला, की त्याचा खुलासाही सरकारच्या सोयीचाच होतो. जुलै २०१४ मध्ये पूर्व युक्रेनवर मलेशियाचे एमएच १७ हे प्रवासी विमान पाडले जाऊन २९८ जण मृत्युमुखी पडले. पुढच्या वर्षी अल्माझ-अंतेयने पत्रकार परिषदा घेऊन, क्षेपणास्त्र बूकचेच होते पण ते युक्रेनच्या ताब्यातील भागातून सुटले, असे सांगितले, आणि दुसऱ्या परिषदेत क्षेपणास्त्राचा प्रकारही बदलला. नोव्हेंबर २०२२ मध्ये डच न्यायालयाने ते रशियाधार्जिण्या फुटीरवाद्यांच्या ताब्यातील भागातून डागले गेल्याचा निकाल दिला.

एस-४०० ची यंत्रणा उत्तम आहे, याबद्दल माझा वाद नाही. नळीतून क्षेपणास्त्र आधी वायूच्या दाबाने सुमारे तीस मीटर वर फेकायचे आणि मग हवेत त्याचे इंजिन पेटवायचे, ही करामत पाहून कोणताही यंत्रकामगार टोपी काढील. पण रडार, लाँचर आणि त्यांची वाहने वर्षानुवर्षे राबवायची, तर सुटे भाग लागणार, आणि डागलेल्या प्रत्येक क्षेपणास्त्राच्या जागी दुसरे लागणार. तेही त्याच रांगेतून येणार असतील, तर ‘किती स्क्वॉड्रन घेतली’ या आकड्याला फारसा अर्थ उरत नाही.

म्हणून विनंती अशी, की पुढच्या खरेदीची बातमी देताना आपल्या प्रतिनिधींनी संरक्षण मंत्रालयाला किंमत आणि पल्ला यांच्याबरोबर दोन गोष्टी विचाराव्यात. दुरुस्ती आणि सुटे भाग भारतात करण्याची अट करारात आहे का? आणि थकलेला माल खरोखर फेटलिंगला आहे, की अजून साचाच भरायचा आहे?

आपला विश्वासू,
एक फाउंड्रीचालक,
शिरोली, जि. कोल्हापूर